परदेशात सिगारेट कुठे चालते, कुठे नाही, आणि का

टोकियोच्या चियोदा भागात फुटपाथवरून चालताना सिगारेट पेटवली, तर गणवेशातला पालिकेचा माणूस नम्रपणे थांबवतो आणि तिथल्या तिथे २,००० येन दंड घेतो. २००२ पासून तिथे हा नियम आहे. पण त्याच शहरातल्या एखाद्या गल्लीत आठ खुर्च्यांचा छोटा बार असेल, तर आतला मालक तुमच्यासमोर स्वतःहून ॲशट्रे सरकवू शकतो. आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये नेमकं उलटं घडतं. पबच्या आत सिगारेट काढली की लगेच बाहेर जायला सांगतात, आणि बाहेर फुटपाथवर उभं राहून ओढली तर कुणी मान वळवून बघतही नाही.

दोन्ही देशांनी धूम्रपानाला आवर घातलाय. तरी एकाने रस्ता बंद केला, दुसऱ्याने खोली. पहिल्यांदाच परदेशी गेलेला माणूस इथे गोंधळतो आणि सगळे नियम लहरी आहेत असं धरून चालतो. ते लहरी नाहीत. प्रत्येक देशाने स्वतःला वेगळा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर कायद्यात लिहिलं. तो प्रश्न कोणता होता हे कळलं की पाटी दिसली नाही तरी बराचसा अंदाज येतो. देशोदेशींच्या नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण याद्या फार लवकर जुन्या होतात.

आयर्लंडचा प्रश्न होता कामगाराचा. २९ मार्च २००४ रोजी त्या देशाने पब आणि रेस्टॉरंटसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांवर बंदी घातली. देशभर असं करणारा तो जगातला पहिला देश. तेव्हाचे आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन यांना पबमालकांचा जोरदार विरोध झाला. धंदा बसेल, सिगारेटशिवाय पब कसला, असं बरंच काही बोललं गेलं. कायद्यामागचा मुद्दा मात्र साधा होता. गिऱ्हाईक स्वतःच्या मर्जीने येतं, तासाभरात उठून जातं. काउंटरमागे उभी असलेली मुलगी मात्र आठ तास तोच धूर आत घेते, आणि तिला उठून जाता येत नाही.

दुसऱ्याच्या धुराने नेमकं काय होतं याचा ठोस पुरावा त्याआधी बरीच वर्षं जमत होता. जपानमधले संशोधक ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची त्यांनी १४ वर्षं नोंद ठेवली होती. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं. सिगारेट कंपन्यांनी या अभ्यासावर बरेच हल्ले केले, पण पुढच्या अभ्यासांनी त्याला दुजोराच दिला. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने स्पष्ट म्हटलं की दुसऱ्याच्या धुराची ‘इतका चालेल’ अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, आणि एकाच इमारतीत वेगळा कोपरा दिला किंवा मोठे पंखे लावले तरी प्रश्न सुटत नाही. धूर कोपऱ्याची हद्द पाळत नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यातली १० लाखांहून अधिक स्वतः न ओढणारी असतात.

आयर्लंडच्या मागोमाग त्याच वर्षी नॉर्वे, २००५ मध्ये इटली, २००७ मध्ये इंग्लंड, २००८ मध्ये फ्रान्समधले कॅफे, २०११ मध्ये स्पेन असे देश याच वाटेने गेले. लॅटिन अमेरिकेत उरुग्वेने २००६ मध्ये सुरुवात केली. तिथले राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. त्यामुळे युरोपातल्या बहुतेक देशांत एक ठोकताळा चालतो: डोक्यावर छप्पर, भोवती भिंती आणि आत कुणीतरी नोकरी करतंय, तर तिथे पेटवायची नाही. इंग्लंडने तर ‘बंदिस्त’ म्हणजे काय हेही मापून ठेवलंय. वर छप्पर आहे आणि भोवतालच्या भिंतींत निम्म्याहून कमी भाग उघडा आहे, तर ती जागा बंदिस्त. पबच्या मागच्या अंगणातल्या शेडला दोन बाजूंनी भिंतीच नसतात, त्यामागचं कारण हेच.

याला अपवाद आहेत, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जर्मनीत नियम राज्यागणिक बदलतात. बऱ्याच राज्यांत ७५ चौरस मीटरहून लहान, एकाच खोलीच्या, जेवण न देणाऱ्या आणि फक्त प्रौढांना प्रवेश देणाऱ्या पबला मोकळीक आहे. बव्हेरिया राज्याने मात्र २०१० मध्ये जनमत घेऊन ती काढून टाकली. स्वित्झर्लंडमध्ये ही मर्यादा ८० चौरस मीटरची. सर्बियात कॅफेच्या आत आजही सर्रास धूर असतो. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने ‘युरोप म्हणजे स्वच्छ हवा’ असं गृहीत धरून तिथल्या राजधानीत, बेलग्रेडला, जाऊ नये.

आता जपान. तिथे पहिला प्रश्न खोलीचा नव्हता, गर्दीचा होता. स्टेशनाबाहेरच्या रेट्यात माणूस हात खाली सोडून चालतो तेव्हा सिगारेटचं जळतं टोक कुठे येतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा: बरोबर लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर. भाजणं, कपड्यांना भोकं पडणं आणि रस्त्यावरची थोटकं, या तक्रारींतून पालिकांनी रस्त्यावरची सिगारेट आधी बंद केली. घराच्या आणि दुकानाच्या आत काय करायचं हा ज्याचा त्याचा मामला राहिला. म्हणून तिथे चालता चालता ओढणं हे नियमभंगाआधी असभ्यपणाचं मानलं जातं. ज्या गावात दंड नाही तिथेही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

ओढायची असेल तर तिथे ठरलेल्या जागा असतात. स्टेशनाच्या एका अंगाला काचेची किंवा खांद्यापर्यंतच्या भिंतींची चौकट, आत मध्यभागी उंच ॲशट्रे, आणि त्याभोवती दहा-पंधरा माणसं एकमेकांशी न बोलता उभी. ओढून झाली की थोटूक ॲशट्रेत विझवायचं आणि निघायचं. चौकटीच्या बाहेर पाऊल टाकताना हातात पेटती सिगारेट नको. अनेकांच्या खिशात झाकणाची छोटी डबी किंवा आतून अस्तर लावलेलं पाकीट असतं, त्यात राख आणि थोटूक जातं. दुकानात ते सहज मिळतं. पण ते जवळ आहे म्हणून बंदी असलेल्या रस्त्यावर ओढायला परवानगी मिळत नाही. हा गैरसमज पर्यटकांमध्ये बराच दिसतो.

१ एप्रिल २०२० पासून जपाननेही आतल्या हवेचा प्रश्न हाती घेतला. रेस्टॉरंटमध्ये सरसकट बंदी आली. १०० चौरस मीटरपर्यंतच्या जुन्या छोट्या जागांना सूट राहिली, मात्र दारावर तशी पाटी हवी आणि २० वर्षांखालच्या कुणालाही आत घेता येत नाही, कामाला ठेवलेल्यांनाही नाही. टोकियोने याहून कडक नियम केला: जिथे पगारी नोकर आहे तिथे ही सूट नाही. सुरुवातीला सांगितलेल्या बारमध्ये ॲशट्रे सरकवणारा मालक बहुधा एकटा किंवा घरच्यांना घेऊन दुकान चालवत असतो, ते यामुळे. वेगळ्या रस्त्याने जाऊन टोकियोही शेवटी डब्लिनच्या मुद्द्यापाशीच पोचलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलं बरोबर असतील तर दारावरची ती पाटी आधी बघा, नाहीतर बसल्यावर उठावं लागेल. शिंकान्सेन या बुलेट गाड्यांमधल्या धूम्रपानाच्या छोट्या खोल्या २०२४ च्या वसंतात बंद झाल्या, आणि जानेवारी २०२५ पासून ओसाका शहरात सगळ्याच रस्त्यांवर बंदी आहे, दंड १,००० येन.

गेल्या काही वर्षांत तिसरा प्रश्न पुढे आलाय: मोकळ्या जागेचा. सिगारेटचा फिल्टर कापसाचा वाटतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. वाळूत खुपसलेलं थोटूक कुजत नाही, भरतीबरोबर समुद्रात जातं. थायलंडने २०१७ पासून प्रमुख पर्यटन किनाऱ्यांवर सिगारेटला मनाई केली. दंड १ लाख बाथपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद, असा कडक नियम आहे. बार्सिलोनाने २०२२ च्या जुलैपासून सगळे किनारे धूरमुक्त केले. मेक्सिकोने १५ जानेवारी २०२३ पासून किनारे, बागा आणि हॉटेलांसकट जवळपास सगळ्याच सार्वजनिक जागांवर सिगारेट बंद केली. फ्रान्सने २०२५ च्या उन्हाळ्यात बागा, बसथांबे, शाळांचा परिसर आणि समुद्रकिनारे बंदीच्या यादीत घातले, दंड १३५ युरो. कॅफेबाहेरची टेबलं मात्र फ्रान्सने यातून वगळली. पॅरिसमध्ये बागेत बाकावर ओढता येत नाही आणि समोरच्या कॅफेच्या टेबलावर ओढता येते. मिलानमध्ये १ जानेवारी २०२५ पासून हिशेब अंतराचा आहे: मोकळ्या जागीही दुसरा माणूस १० मीटरच्या आत असेल तर पेटवायची नाही. भरगच्च पर्यटनाच्या जागी याचा अर्थ जवळजवळ कुठेच नाही असा होतो.

आगीचा धोका हा याहून जुना विषय, आणि काही नियम माणसं गमावल्यावरच आलेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत डब्यात १९८४ पासून आणि जमिनीखालच्या स्टेशनांत १९८५ पासून बंदी होती. तरी लोक बाहेर पडताना सरकत्या जिन्यावरच पेटवायचे. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्टेशनच्या लाकडी सरकत्या जिन्याच्या फटीतून एक जळती काडी खाली पडली. खाली वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस आणि कचरा होता. त्या आगीत ३१ जण गेले. ‘आता बाहेरच तर पडतोय, दोन पावलांनी काय होतं’ असं वाटलं की हे आठवावं.

विमानाचंही तसंच. ११ जुलै १९७३ ला पॅरिसजवळ व्हारिग कंपनीचं विमान शौचालयातल्या आगीमुळे शेतात उतरवावं लागलं, १२३ माणसं मेली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं थोटूक हे बहुधा कारण होतं. आज विमानात सगळीकडे बंदी आहे, शौचालयात धुराचा सेन्सर आहे, तरी दारापाशी ॲशट्रे दिसतो. तो परवानगीची खूण नाही. कुणी नियम मोडलाच तर थोटूक कागदाच्या डब्यात जाऊ नये म्हणून तो सक्तीने बसवलेला असतो. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या देशांत किंवा ऑस्ट्रेलियात कोरड्या गवताजवळ, चालत्या गाडीच्या खिडकीतून, थोटूक टाकणं हा गंभीर गुन्हा समजला जातो, आणि तो समजला जावाच.

खरी अडचण बऱ्याचदा पोचायच्या आधीच, बॅगेत असते. निघतानाच्या ड्युटी-फ्री दुकानात दहा पाकिटांचा कार्टन हसतमुखाने विकतात, पण तो उतरण्याच्या देशात चालेल का हे बघायची जबाबदारी तुमची. हाँगकाँगमध्ये १९ सिगारेटी करमुक्त. १९, म्हणजे वीसचं एक न फोडलेलं पाकीटसुद्धा मर्यादेबाहेर. ऑस्ट्रेलियात २५ आणि वर एक फोडलेलं पाकीट. न्यूझीलंडमध्ये ५०. सिंगापूरमध्ये एकही नाही: पहिल्या सिगारेटपासून कर भरायचा आणि त्यासाठी लाल मार्गिकेतून जाऊन आपणहून सांगायचं. न सांगता हिरव्या मार्गिकेतून गेलात आणि सापडलात, तर ‘स्वतःसाठीच आहे’ हे उत्तर उपयोगी पडत नाही. सोबतच्या ओळखीच्या माणसाने ‘तुम्ही ओढत नाही ना, मग माझं एक कार्टन तुमच्या बॅगेत ठेवा’ म्हटलं, तर सरळ नाही म्हणा. बॅग ज्याची, जबाबदारी त्याची.

व्हेप ऊर्फ ई-सिगारेट बाळगणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. अनेकांना वाटतं की ही सिगारेटपेक्षा सौम्य गोष्ट, तेव्हा नियमही सौम्य असणार. प्रत्यक्षात बरेच देश सिगारेट विकू देतात आणि व्हेपवर पूर्ण बंदी घालतात, कारण नव्या पिढीला निकोटीनची सवय याच रस्त्याने लागेल अशी त्यांना भीती आहे. सिंगापूरमध्ये २०१८ पासून व्हेप नुसतं जवळ असणंही गुन्हा आहे. थायलंडमध्ये २०१४ पासून आयात आणि २०१५ पासून विक्री बंद, हाँगकाँगमध्ये २०२२ पासून आयात बंद, मालदीवमध्ये २०२४ च्या अखेरीपासून वापरही बंद. जिथे चालतं तिथेही विमानात ते हातातल्या सामानातच न्यायचं, कारण लिथियम बॅटरीने मालाच्या कप्प्यात पेट घेतला तर विझवायला तिथे कुणी नसतं. आणि मधल्या थांब्यावर विमानतळाबाहेर पडणार असाल, तर त्या देशाचा नियमही तुम्हाला लागू होतो.

नियम दोन्ही दिशांनी हलतात. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली होती, २०२१ मध्ये ती बंदी उठवली. न्यूझीलंडने २०२२ मध्ये पुढच्या पिढ्यांना सिगारेट विकायचीच नाही असा कायदा केला आणि २०२४ मध्ये अंमलाआधीच रद्द केला. मालदीवने मात्र तसाच नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केला: १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकत घेता किंवा वापरता येत नाही, आणि पाहुण्यांनाही यातून सूट नाही. म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्स खात्याचं पान उघडून बघावं. पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये.

कायदा झाला, पण गल्लीत काय चालतं ते वेगळंच असू शकतं. ग्रीसमध्ये २०१० पासून कागदावर पूर्ण बंदी होती. टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या पारंपरिक खाणावळींमधल्या टेबलांवर ॲशट्रे तसेच होते, आणि २०१९ च्या अखेरीस सरकारने मनावर घेतल्यावरच फरक पडला. अशा ठिकाणी पाहुण्याने काय करावं? माझं मत पक्कं आहे: कायदा आणि तिथली रीत यांतलं जे जास्त कडक असेल ते पाळावं. स्थानिक माणसाला कुठल्या शिपायाला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. ‘सगळेच ओढत होते’ हे कुठल्याही भाषेत चांगलं उत्तर ठरत नाही. आणि जिथे कायदा काही म्हणत नाही पण लोक आवरतात, तिथे लोकांकडे बघावं. रमजानच्या महिन्यात आखाती देशांत दिवसा चारचौघांत सिगारेट ओढणं हे उपवास करणाऱ्यांचा अनादर करण्यासारखं आहे, कारण त्यांचा रोजा पाणी आणि धूर दोन्हींना लागू असतो. त्या महिन्यात आपल्या खोलीत किंवा ठरवून दिलेल्या जागी ओढावी, रस्त्यावर नको.

चीनमध्ये उलटी अडचण येते. तिथे सिगारेट पुढे करणं हा आदराचा भाग आहे. लग्नात, जेवणाच्या टेबलावर, पहिल्या भेटीत पाकीट समोर येतं. बीजिंगमध्ये २०१५ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांवर बंदी आहे, तरी पुढे करण्याची रीत टिकून आहे. न ओढणाऱ्याने घ्यायलाच हवी असं मुळीच नाही. हाताचा तळवा हलकेच वर करून, हसून, ‘ओढत नाही, धन्यवाद’ एवढं म्हटलं की पुरतं. तिथल्या बऱ्याच बायका आणि म्हातारी माणसं रोज हेच करतात. चेहरा वाकडा करणं किंवा नाकासमोर हात हलवणं तेवढं टाळावं. इंडोनेशियात लवंगेच्या क्रेतेक सिगारेटी असतात, वास गोड, ओढताना चटचट आवाज. लवंगेमुळे घसा सुन्न होतो आणि धूर सौम्य वाटतो, पण आत तंबाखूच असतो.

सुट्टीवर न ओढणारी माणसंही ज्याला भुलतात तो म्हणजे हुक्का. कैरो, इस्तंबूल, दुबई, बैरूत, कुठेही संध्याकाळी टेबलावर तो येतो, सफरचंदाचा किंवा पुदिन्याचा वास, मंद गप्पा, आणि पाण्यातून गाळून येतो म्हणजे निर्धोक असा समज. पाण्याने धूर गार होतो, स्वच्छ होत नाही. गार झाल्यामुळे उलट खोल ओढला जातो. एका सिगारेटचे साधारण २० झुरके होतात. तासभर हुक्क्याभोवती बसलं की २०० च्या आसपास. धुराचं मोजमाप घेतलं तर सिगारेटमधून अर्धा लिटरभर, हुक्क्याच्या एका बैठकीतून ९० लिटरच्या आसपास. त्यात वरच्या जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. बंद खोलीत बसल्यावर डोकं जड होणं, मळमळणं, भोवळ येणं हे बहुतेक वेळा त्याचंच लक्षण. असं झालं तर ‘जरा पाणी पी, बरं वाटेल’ म्हणत तिथेच बसून राहू नका, लगेच मोकळ्या हवेत जा, आणि उतरलं नाही तर डॉक्टर गाठा. गरोदर स्त्रियांनी आणि मुलांना घेऊन गेलेल्यांनी त्या खोलीत बसूच नये. एकच नळी सगळ्यांनी तोंडाला लावण्यातून संसर्ग होतो तो वेगळाच.

ज्याला धूर सोसत नाही त्याने खोली आरक्षित करताना ‘नॉन-स्मोकिंग’ हा पर्याय निवडून थांबू नये, संपूर्ण इमारत धूरमुक्त आहे का तेही विचारावं. धुराचा थर पडदे, गाद्या आणि गालिच्यांत महिनोन्‌महिने राहतो, आणि शेजारच्या खोलीतून फटींतून येतच राहतो. जिथे कॅफेबाहेरच्या टेबलांवर ओढायची मुभा आहे, तिथे आतलं टेबल मागितलेलं बरं. स्वच्छ हवेसाठी बाहेर बसायची सवय तिथे उलटी पडते.

आणि जो ओढतो त्याचं काय? दहा-बारा तासांच्या विमानप्रवासात त्याचा जीव खरोखरच कासावीस होतो, त्याला हिणवून उपयोग नाही. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या तासाला तलफ, चिडचिड आणि अस्वस्थता येते. यासाठी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा गम घ्यावा आणि मूळ खोक्यातच ठेवावा. पॅच निकोटीन हळूहळू सोडतो, म्हणून तो विमानतळावर जाण्याआधीच लावायचा, तलफ आल्यावर नाही. गम साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावला तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि जळजळ तेवढी हाती लागते. चार-सहा वेळा चावायचा, तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. असं अर्धा तास. आणि त्याआधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा संत्र्याचा रस घ्यायचा नाही, कारण आंबट तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. हवाईसुंदरी ट्रॉली घेऊन आली तर पाणी मागा.